पंचविसावं डोकं

शिरगणतीचं काम अंगावर आलं, तेव्हा काटकोन सरांनी पहिली चूक केली ती म्हणजे ते शेजाऱ्याला सांगितलं.

काटकोन हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. भूमिती शिकवायचे, छडीसारखे ताठ चालायचे, आणि आरामखुर्चीत बसले तरी पाठीचा नि मांडीचा कोन नव्वद अंशांच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत. मुलांनी ठेवलेलं नाव शिक्षकांनी उचललं, शिक्षकांकडून ते गल्लीत आलं, आणि एकदा तर दूधवाल्यानं बिलावर तेच लिहिलं. सरांनी तेव्हा कपाळाला आठ्या घातल्या खऱ्या. पण मनातून, 'विशालकोन' म्हणाले नाहीत यातच त्यांना समाधान होतं.

शेजारी म्हणजे एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले हेडक्लार्क. त्यांना सगळे परिपत्रक काका म्हणत. दुसऱ्याचं काम निघालं की त्यांना स्वतःचं काम मिळाल्यासारखं वाटे.

"बाजारातला वॉर्ड दिलाय?" काका म्हणाले. "मेलात! एकेका जिन्यावर दहा बिऱ्हाडं. आज मोजलेलं माणूस उद्या भाडं चुकवून पळालेलं असतं. अर्ज करा. लांबचं एखादं लहानसं खेडं मागून घ्या. सकाळी जायचं, डोकी मोजायची, चहाच्या वेळेला घरी!"

"लांबचं म्हणजे किती लांबचं, ते आधी विचारा," सरांच्या बायकोनं आतून सांगितलं.

या सबंध प्रकरणात शहाणपणाचं वाक्य हे एवढंच बोललं गेलं, आणि ते कोणीही ऐकलं नाही.

अर्ज मंजूर झाला. मागितलेलं लगेच मिळालं की माणसानं सावध व्हावं. सर खूश झाले. जिल्ह्याच्या अगदी टोकाला, डोंगरावर, एक गाव होतं. ते कोणत्या तालुक्यात येतं याबद्दल मात्र मतभेद होते. अलीकडच्या तालुक्याच्या कचेरीत सर गेले, तर कारकून म्हणाला, "ते पलीकडे." पलीकडच्या कचेरीत गेले, तर तिथला म्हणाला, "छे, ते अलीकडे." सरांनी भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाकडे बोट दाखवलं. "यात बघून सांगा ना." दोघांनी मिळून नकाशा धुंडाळला. सगळ्या वाड्या, ओढे, ग्रामपंचायतींच्या हद्दी, सगळं होतं. गाव असायला हवं होतं बरोबर त्याच जागी नकाशा टांगायचा खिळा ठोकलेला होता.

शेवटी प्रकरण मोजणीच्या वरिष्ठ अधिकारी बाईंकडे गेलं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या हसत नसत. "गाव अलीकडचं," असं म्हणून त्यांनी सही केली आणि चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. "नीट मोजा. पंचवीसच्या खाली डोकी भरली, तर गाव मोडीत निघेल. खालच्या गावात विलीन. मग आठवड्याची नर्स बंद, बस बंद. एक जास्त नको, एक कमी नको. कळलं?"

"बाई, मी भूमिती शिकवतो," सर म्हणाले. त्यांच्या मते यात सगळं आलं.

बसमध्ये शेवटी ते एकटेच उरले. डोंगर चढताना ड्रायव्हर आरशातून सारखा मागे बघत होता.

"काय बघताय?" सरांनी विचारलं.

"आहात ना, ते बघतोय," ड्रायव्हर म्हणाला. "इथपर्यंत कोणी येत नाही हो."

गावात उतरले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बस वळली, गेली, आणि तिचा आवाज विरल्यावर सरांच्या लक्षात आलं की दुसरा आवाजच नाही. तसं गाव भरलेलं दिसत होतं. दोन्ही बाजूंना दगडी घरं, दर दारापुढे चपलांचे जोड, दर अंगणात दोरीवर कपडे वाळत घातलेले, एखादं सोडून दर धुराड्यातून धूर. पण भांडं पडत नव्हतं, पोर रडत नव्हतं, कुत्रं भुंकत नव्हतं. वारा नसताना एका दोरीवरची बाही तेवढी हलत होती. सरांनी घसा खाकरला. खाकरण्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि जरा उशिरानंच परत आला.

"बाळ, उन्हात का उभा? ये आत."

विहिरीजवळच्या निळ्या दारात एक म्हातारी उभी होती. पन्नाशीच्या माणसाला बाळ म्हणणारं कोणी उरलेलं नसतं, त्यामुळे सर न बोलता आत गेले. आत गारवा होता. त्यांनी छत्री खुंटीला अडकवली. म्हातारीनं पाणी दिलं. इतकं गार, की दात ठणकले.

"मोजायला आलास ना? मग आधी माझं लिही," ती म्हणाली. "मागच्या वेळी राहून गेलं."

"असं कसं राहील, आजी?"

"तापानं पडले होते. त्यानं बाहेरून हाक मारली, माझा आवाज निघेना. घर रिकामं आहे म्हणून तो पुढे गेला." तिनं सरांच्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं. "लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच बघू."

सरांनी वाचून दाखवलं. म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं, जणू कोणी तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारत होतं. काम चोख सुरू झालं म्हणून सर प्रसन्न होऊन बाहेर पडले. पंधरा पावलं गेल्यावर छत्री आठवली, पण म्हटलं, जाताना घेऊ.

दुसऱ्या घरी टोपीवाले आजोबा होते. त्यांना सुका खोकला होता आणि उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. सरांनी त्यांना लिहिलं, शेजारी बसलेल्या जाड चष्म्याच्या बाईंना लिहिलं, आणि तान्ह्या बाळालाही लिहिलं. बाळ मुलगा होता.

तिसऱ्या घरी बिनटोपीचे आजोबा होते. त्यांनाही सुका खोकला होता.

"हवा बदललीय," आजोबा म्हणाले.

चौथ्या घरात मफलरवाले आजोबा होते. दार उघडायच्या आधीच आतून खोकला ऐकू आला, आणि सरांच्या मानेवरून काहीतरी थंड सरकलं. त्यांनी नजर खाली ठेवायची असं ठरवलं. खाली काळ्या नखाचा अंगठा होता. पाळण्यात बाळ होतं. या घरात ती मुलगी होती.

एकरूप त्रिकोण सरांनी आयुष्यभर शिकवले. उचलून एकावर एक ठेवले की तंतोतंत जुळतात. पण एकरूप माणसं? पाचव्या दारापाशी ते थबकले. आत जाऊ नये असं फार वाटत होतं. पण फळा सोडून पळालेला शिक्षक त्यांनी आजवर पाहिला नव्हता, आणि तो पहिला आपण असू नये एवढ्याच विचारानं त्यांनी कडी वाजवली. दार उघडलं. जाड चष्म्याची बाई, या वेळी चष्म्याशिवाय, भिंत चाचपत उभी होती. तिच्या कडेवर बाळ होतं. बाळानं सरांना पाहिलं, ओळखलं, खदखदून हसलं आणि पेन्सिलीकडे हात केला.

सर मागच्या दारानं बाहेर पडले. खरं तर त्यांना पुढच्या दारानं पळायचं होतं, पण घाईत दिशा चुकली. परसात आले, आणि पाहतात तो काय! भिंतीआडून आजोबा कमरेत वाकून धावत होते. तोंडात मफलर, काखेत टोप्यांची पिशवी. मागोमाग चारपाच बाया, दोन बापे, कोणाच्या हातात चष्मे, कोणाच्या हातात शाली. पुढच्या घराच्या कुंपणावरून एक बाप्या हात पसरून कुजबुजत होता, "बाळ द्या! आधी बाळ द्या!"

"थांबा!" सर ओरडले.

सगळे जागच्या जागी थांबले. आजोबांना तेवढा खोकला आला.

भीती गेली की माणसाला अपमान आठवतो. एकाही वर्गानं ज्यांना आजवर फसवलं नव्हतं, त्या सरांना एका तान्ह्या बाळानं तीन वेळा फसवलं होतं! त्यांनी सबंध गावाला बंद पडलेल्या शाळेच्या आवारात ओळीनं उभं केलं. उंचीप्रमाणे. गाव निमूट उभं राहिलं.

"लाज नाही वाटत?" सर म्हणाले.

"वाटते की," टोपीवाले आजोबा म्हणाले. ते गावचे कारभारी निघाले. "पण लाजेनं नर्स येत नाही, सर. हे बाळ आडवं आलं होतं. नर्स त्या दिवशी इथे होती म्हणून दोघं वाचली."

बाळाची आई खाली बघत होती. तिनं बाळाला जरा घट्ट धरलं.

"आणि हे कपडे? चपला? धूर?"

"पोरं शहरात गेली. घरं ओस पडली. वरून कोणी पाहणी करायला आलं तर गाव भरलेलं दिसावं, म्हणून सुरू केलं," कारभारी म्हणाले. "रोज सगळ्या घरांतल्या चुली पेटवायच्या, तेच कपडे धुवायचे, वाळत घालायचे. आता पाहणीला कोणी येत नाही. पण एखादी चूल राहिली, तर त्या घरावरून जाववत नाही हो. आतून कोणीतरी बघत असल्यासारखं वाटतं."

सरांना एकदम वाटलं की आपणही मागे वळून पाहू नये.

"पण इतक्या टोप्या कशाला? थोडं कमी पडत असेल तर—"

"खोटंच सांगायचं तर हात आखडता का घ्या?" कारभारी ओशाळून म्हणाले. "मग सगळ्यांनाच हौस आली."

सर पायरीवर बसले. त्यांनी सगळे आजोबा खोडले, एक ठेवला. सगळी बाळं खोडली, एक ठेवलं. रांगेतल्या एकेकाला पुढे बोलावून पुन्हा लिहिलं. सूर्य कलला होता. शेवटी त्यांनी बेरीज केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, वेडे आहात का तुम्ही! एवढी सोंगं करायची काय गरज होती? पंचवीस भरतायत! बरोबर पंचवीस!"

कोणी आनंदलं नाही.

"चोवीस आहोत आम्ही," कारभारी म्हणाले. "दहादा मोजलंय."

"मी भूमिती शिकवतो," सर म्हणाले. "रांगेत तुम्ही चोवीस, आणि त्या विहिरीजवळच्या आजी इथे आल्या नाहीत. निळं दार. पंचवीस."

जाड चष्म्याच्या बाईंनी पदर तोंडाशी नेला. बाळाची आई दोन पावलं मागे सरली.

"त्या घरी आम्ही कोणाला बसवलं नव्हतं, सर," कारभारी हळू आवाजात म्हणाले. "त्या घरी चूलही पेटवत नाही."

सर त्यांना घेऊन विहिरीजवळ गेले. निळ्या दाराला बाहेरून कुलूप होतं. कुलपावर गंज चढला होता, गंजावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. सरांनी खिडकीच्या फटीतून आत पाहिलं. जमिनीवर बोटभर धूळ होती आणि तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. खुंटीला त्यांची छत्री लटकत होती.

ती छत्री सासऱ्यांनी दिलेली होती. अशा वेळी माणसाच्या मनात काहीतरी खोल, गंभीर यायला हवं; पण सरांच्या मनात पहिल्यांदा आलं ते, 'आता घरी काय सांगू?'

"मागच्या मोजणीला त्या तापात होत्या," कारभारी म्हणाले. "मोजणारा हाक मारून गेला. तेव्हा शाळेसाठी आकड्याची अट वेगळी होती. एक डोकं कमी भरलं आणि शाळा गेली. माझ्यामुळे गेली, माझ्यामुळे गेली, असं म्हणतच त्या गेल्या." त्यांनी डोळे पुसले. "खोडा सर ते नाव. जिवंत माणसांची सोंगं केली, ती केली. पण त्यांच्या नावानं खोटं नको. गाव मोडलं तर मोडू दे."

इथे एक गंमत झाली. दिवसभर खोटं बोललेलं गाव एका नावासाठी खरं बोलायला उभं राहिलं, आणि जन्मात कधी उत्तरपत्रिकेत अर्धा गुण न वाढवलेले काटकोन सर कुलपासमोर ताठ उभे राहून म्हणाले, "मी काहीही खोडणार नाही. मी त्यांना पाहिलंय. त्यांनी दिलेलं पाणी प्यायलोय. मी खोटं लिहीत नाही."

घरी आल्यावर बायकोनं आधी छत्री विचारली. सरांनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "नाव वाचून दाखवलंत ना त्यांना?"

"हो."

"मग बरं केलंत. छत्रीचं बाबांना मी काहीतरी सांगेन."

परिपत्रक काका मात्र कधी नव्हे एवढे रंगात आले. त्यांनी चष्मा लावून नियम तीनदा वाचला. "यात 'मोजणीच्या वेळी घरात प्रत्यक्ष आढळलेली व्यक्ती' असं म्हटलंय. 'जिवंत आढळलेली' असं कुठेही म्हटलेलं नाही! सर, तुम्ही नियमानं सुरक्षित आहात. फक्त हे कोणाला सांगू नका." आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःच सबंध गल्लीला सांगितलं. दूधवाला त्या दिवसापासून दाराशी न थांबता दूध ठेवून जाऊ लागला. इस्त्रीवाल्यानं सरांचे कपडे परत देताना मोजून घ्यायला सांगितलं नाही.

आठवड्याच्या आत मोठ्या बाईंचं बोलावणं आलं.

"बरोबर पंचवीस?" बाई म्हणाल्या. "मी तीस वर्षं या कामात आहे. अटीइतकाच बरोबर आकडा कधी येत नाही. तो आणावा लागतो. उद्या मी स्वतः येते. तुम्हीही चला."

जीपमध्ये सर वाटेतले विजेचे खांब मोजत बसले. नोकरी जाणार हे नक्की होतं. तीही कशापायी? कोणाला सांगण्यासारखं कारणही नव्हतं. घरात मुलीचं शिक्षण व्हायचं होतं. एकदोनदा त्यांनी तोंड उघडलं, "बाई, त्या निळ्या दाराच्या—" पण पुढे वाक्याचं काय करायचं ते सुचेना, आणि त्यांनी ते तसंच मिटवलं.

गावात या वेळी कोणी सोंग केलं नव्हतं. चोवीस माणसं आपापल्या दारात उभी होती. मोठ्या बाई घरोघर फिरल्या, एकेकाला नखशिखांत पाहून खूण करत गेल्या. बाळाकडे पाहून त्या हसल्या असं कारभारी पुढे सांगत, पण त्याला दुसरा साक्षीदार नाही.

"चोवीस झाले," बाई म्हणाल्या. "पंचविसाव्या कुठे आहेत?"

सरांनी विहिरीकडे हात केला. मागे गाव श्वास रोखून उभं होतं. बाई झपाझप निळ्या दाराकडे निघाल्या. सरांनी डोळे मिटून घेतले. आता कुलूप ओढल्याचा आवाज येईल, मग बाईंचा आवाज येईल, आणि मग—

कडी वाजली. बिजागरी करकरली. कोणीतरी आतून काहीतरी म्हटलं आणि दार लागलं.

सरांनी डोळे उघडले. बाई बाहेर नव्हत्या. दाराला कुलूप नव्हतं. कारभाऱ्यांनी सरांचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या काळ्या नखाचा वण पुढे दोन दिवस राहिला. कोणी पुढे गेलं नाही. विहिरीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं आणि मोठ्या बाई बाहेर आल्या. रुमालानं ओठ टिपत होत्या. चेहऱ्यावर संताप होता. त्या सरळ सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही गणिताचे शिक्षक ना?"

"भूमितीचा," सर कसेबसे म्हणाले.

"तरीच! एका घरात जाऊन आलात आणि एकच नाव लिहिलंत? कोपऱ्यातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून ते आजोबा झोपलेत, ते दिसले नाहीत तुम्हाला? आजीबाईंनी मला सांगितलं, त्या पोरानं यांना विचारलंच नाही म्हणून. केवढं वाईट वाटलंय त्यांना!" बाईंनी कागद त्यांच्या हातात कोंबला. "सव्वीस. नोंद पूर्ण करा. आणि निष्काळजीपणाबद्दल तुम्हाला लेखी ताकीद येईल."

त्या जीपकडे निघून गेल्या. जाता जाता वळून म्हणाल्या, "पाणी फार गार आहे हो या गावचं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत काटकोन सरांना मोजणी चुकल्याबद्दल कोणी बोललं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. त्या क्षणी त्यांना नोकरी वाचल्याचा आनंद नव्हता, गाव वाचल्याचा नव्हता, भीतीसुद्धा वाटत नव्हती. एक माणूस आपल्या नजरेतून सुटला, एवढंच बोचत होतं. निळं दार बंद होतं. कुलपावर कोळी आपलं जाळं पुन्हा विणत होता.

"यजमान त्यांच्या कितीतरी आधी गेले," कारभारी पुटपुटले. "तेही मोजणीच्याच वर्षी."

विहिरीच्या कठड्यावर ताठ बसून सरांनी पेन्सिलीला टोक काढलं, कागद गुडघ्यावर सपाट केला, आणि बंद दाराकडे तोंड करून वर्गात घेतात तसा खणखणीत आवाज लावला.

"आजोबा, पूर्ण नाव सांगा."

गावानं कान टवकारले. सरांनी मान जराशी तिरकी केली, ऐकून घेतलं, आणि लिहू लागले.